पिवळ्या गाडीचं जोडकार्ड

टपालकाकांना कोणी पत्ता विचारला आणि त्यांना तो सांगता आला नाही, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात ते झालं, आणि तेही भर बसथांब्यावर, चार माणसांदेखत. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी घाईघाईनं आली आणि म्हणाली, "काका, ती सूपची पिवळी गाडी आज कुठे लागते?"

काकांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "कुठली गाडी?"

"पिवळी हो. काल इथेच होती."

"काल होती ना? मग आज कुठे जाईल?"

मुलगी हसली, 'जाऊ द्या' म्हणाली आणि निघून गेली. काका मात्र बस आली तरी उभेच. कुठल्या फाटकामागचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, इथपर्यंत या माणसाला शहर पाठ. आणि त्याला एका सूपच्या गाडीचा पत्ता सांगता येऊ नये? फार लागलं त्यांना ते. दुपारी घास उतरेना. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. तर तुम्ही टपालात नव्हता म्हणून म्हणता.

दुसऱ्या दिवशी काका जुने बूट घालून पिवळी गाडी शोधायला बाहेर पडले. ती काही सापडली नाही, पण दुसऱ्याच सहा सापडल्या. सहाही गाड्या स्वयंपाकघर पोटात घेऊन उभ्या. एका बाजूची खिडकी उघडलेली, खिडकीखाली फळी, फळीवर कागदी पेले. निवृत्तीपर्यंत काका मान खाली घालून पेट्या बघत चालले होते, म्हणून या गाड्या त्यांच्या कधी नजरेत भरल्या नव्हत्या. दारं आणि पेट्या हेच त्यांचं जग, आणि चाकांवर ज्याचं दार आहे त्याला टपाल येत नाही.

पण आता त्यांच्यातला चौकस माणूस जागा झाला. ही गाडी इथेच का? समोर का नाही? काका सरळ खिडकीशी जाऊन विचारायला लागले. कॉफीवाला सकाळी रस्त्याच्या या बाजूला असतो आणि दुपारी त्या बाजूला, कारण समोरच्या उंच इमारतीची सावली तशी सरकते. नूडलवाला फक्त अशाच जागी उभा राहतो जिथून सरळ पुढे निघता येईल, कारण त्याच्या गाडीचा रिव्हर्स गिअर दोन वर्षं पडत नाही. हे त्यानं कानात सांगितलं, आणि काकांनी ते कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं. सँडविचवाले नवराबायको भांडण झालं की दोन वेगवेगळ्या वेळांना गाडी लावतात, त्यामुळे त्यांची वेळ लिहायची तर आधी त्यांचा संसार कसा चाललाय ते विचारावं लागायचं. काका घरी आले ते पाय दुखत असूनही खुशीत.

घरी मागच्या खोलीत त्यांची सून दोन स्क्रीन मांडून लोकांच्या वेबसाइटी बनवायची. हेच तिचं काम. ती सासऱ्यांना अण्णा म्हणायची, आणि अण्णा दिवसभर घरात बसून तिला 'हे बटण कशाला, ते बटण कशाला' असं विचारून भंडावून सोडायचे. त्या दिवशी मात्र ते बटणांबद्दल काही बोलले नाहीत. वही उघडून, नूडलवाल्याचं गुपित तेवढं वगळून, सहा गाड्यांची हकीकत त्यांनी सुनेला वाचून दाखवली.

सून म्हणाली, "अण्णा, याची कुठे यादी नाही?"

"असणार कशी? यांना पत्ताच नाही."

"मग आपण करू. ऑनलाइन डिरेक्टरी. कुठली गाडी, कुठे, किती वाजता. रोज बदलता येईल अशी."

"रोज बदलणारा पत्ता?" काकांनी हा शब्द तोंडात घोळवून बघितला. त्यांना तो पटला नाही, पण सोडवेनाही.

आणि मग दोघांनी ते काम डोक्यावर घेतलं. काका दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरायचे, संध्याकाळी वही समोर ठेवायचे, सून टाइप करायची. भांडणंही व्हायची. सुनेचा नकाशावर विश्वास, काकांचा खुणांवर. नकाशात तिनं टोचलेली पहिली टाचणी काकांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "अगं, हा कॉफीवाला तळ्यात उभा केलास तू. लोकांना पोहत जायला लावतेस का?" मग ठरलं की टाचणीखाली काकांची खूणही लिहायची. 'चपलांच्या दुकानाची पायरी आणि वाकलेला दिवा यांच्यामध्ये.' लोकांनी ती डिरेक्टरी उघडली ती त्या खुणांसाठी, हे सूनही नंतर कबूल करायला लागली. दोन महिन्यांत एकेचाळीस गाड्या झाल्या.

बेचाळिसावी पिवळी. ती शेवटी सापडली न्यायालयाच्या मागच्या भिंतीला, मंगळवारी बाराला. खिडकीत तिशीतली एक बाई, बाह्या कोपरापर्यंत वर, केस रुमालात घट्ट बांधलेले. समोर अकरा माणसांची रांग. काकांनी रांगेत उभं राहून सूप घेतलं. टोमॅटोचं, वर भाजलेल्या पावाचे तुकडे. चव उत्तम. मीठ किंचित कमी, पण काका त्यावर काही बोलले नाहीत. परक्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतके ते वेडे नव्हते.

डिरेक्टरीचं ऐकून सूपवाली खूश झाली. मंगळवारी इथे, बुधवारी छापखान्यापाशी, गुरुवारी नाट्यगृहासमोर, सगळं भराभर सांगितलं. काका लिहीत गेले.

"नाव?"

"गाडीचं लिहा ना. 'पिवळी.' लोक तेच म्हणतात."

"ते लोकांसाठी. आमच्या दफ्तराला माणसाचं नाव आणि घरचा पत्ता लागतो. बाहेर जात नाही तो."

सूपवालीचा हात पळीवर थांबला. मग तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि खिडकीतून जरा वाकून हळू आवाजात म्हणाली, "काका, घरी काही पाठवू नका. एक कागदसुद्धा नको. माझे बाबा घरी असतात."

"बरं."

"मी बँकेत आहे असं त्यांना वाटतं."

काकांनी वहीतून डोकं वर काढलं. तिनं पुढचं एका दमात सांगितलं. तिचे वडील त्याच बँकेत आयुष्यभर कॅशियर होते. तिला तिथे नोकरी लागली तेव्हा ते महिनाभर जमिनीवर नव्हते. आठ महिन्यांपूर्वी तिनं राजीनामा दिला, ही गाडी घेतली, आणि रोज सकाळी बँकेचे कपडे घालून घरातून निघते. मधल्या काळात वडिलांचा एक डोळा पार अधू झाला, दुसऱ्याचं आत्ता ऑपरेशन झालंय, पट्टी निघायला अजून पंधरा दिवस आहेत.

"पट्टी निघाली की सांगणार आहे मी," ती म्हणाली. "पण माझ्या तोंडानं सांगायचंय. दुसऱ्या कोणाकडून कळलं ना, तर ते मला काही बोलणार नाहीत. तेच मला सहन होणार नाही."

काकांनी वहीत तिच्या नावापुढे लाल पेनानं लिहिलं, 'घरी पाठवू नये', आणि खाली दोन रेघा मारल्या. तिला दाखवलंही. ती हसली आणि तिनं सूपचे पैसे घेतले नाहीत. काका ते फळीवर ठेवूनच निघाले.

आता जोडकार्डाचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

डिरेक्टरीत चुका निघायला लागल्या होत्या. नूडलवाल्यानं फोनवर तीनदा तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. सून म्हणाली, सगळ्यांना मोबाइलवर मेसेज टाकू, 'बरोबर'वर बोट ठेवलं की झालं. काकांना ते मान्य नव्हतं. "फोनवर माणूस काहीही ठोकून देतो," ते म्हणाले. "हातात कार्ड पडलं की दोनदा विचार करतो." टपालात जोडकार्ड मिळतं. एकाला एक चिकटलेली दोन कार्डं. पहिल्यावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर आपलाच पत्ता आधी घालून ठेवायचा. घेणारा दुसरं फाडून उत्तर लिहितो आणि पेटीत टाकतो. काकांनी बेचाळीस जोडकार्डं आणली. गाडीला पेटी नसते, म्हणून कार्डं घरी जाणार. पहिल्या भागावर सुनेनं छापून दिलं, 'आपल्या गाडीची नोंद खालीलप्रमाणे केली आहे,' खाली वार, जागा, वेळा. दुसऱ्या भागावर दोन ओळी: 'माहिती बरोबर आहे का?' आणि 'दुरुस्ती असल्यास'.

पत्ते घालायला काका सोमवारी दुपारी बसले. त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. एक नावांची, तिच्यात सगळ्यांचे शेरे. दुसरी रस्त्यांची, तिच्यात घरं चालायच्या क्रमानं मांडलेली: हा रस्ता संपला की ती गल्ली, गल्लीतून उजवीकडे. दुसरं कोणी असतं तर त्यानं नावांची वही समोर घेतली असती. पण टपालवाल्याचा हात नावावर चालत नाही, रस्त्यावर चालतो. चौतीस वर्षं हाताला तीच सवय. काकांनी रस्त्यांची वही उघडली आणि मनातल्या मनात फेरी मारत, या दारातून त्या दारात जात, तासाभरात बेचाळीस पत्ते घातले. अक्षर असं की चौकट करून भिंतीवर लावावं. मग स्वतः जाऊन कार्डं पेटीत टाकली. रस्त्यांच्या वहीत लाल शेरा नव्हता.

मंगळवारी सकाळी चहा पिता पिता त्यांनी नावांची वही सहज चाळायला घेतली, कोणाचं उत्तर आलं की कुठे खूण करायची ते बघायला. लाल अक्षरं दिसली. कप बशीवर ठेवताना चहा सांडला. सून म्हणाली, "अण्णा, काय झालं?" काकांनी वही तिच्यापुढे सरकवली. शेरा वाचून ती म्हणाली, "उघडं कार्ड गेलंय. पाकीटसुद्धा नाही."

"मला माहीत आहे," काका म्हणाले, आणि बूट शोधायला लागले.

टपाल कचेरीत पोचेपर्यंत नऊ वाजून गेले होते. पत्रं छाटून झाली होती, पिशव्या रवाना झाल्या होत्या. त्या भागाची फेरी काकांनीच दोन वर्षांपूर्वी शिकवून तयार केलेल्या पोस्टवुमनकडे होती. फेरी कुठून सुरू होते आणि साडेनऊला कुठे पोचते, हे काकांना विचारायची गरज नव्हती. ते धावले. साठीचा माणूस धावतो म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं मनात बघावं. मोडक्या कारंज्याच्या चौकात ती त्यांना सापडली, खांद्यावर पिशवी, हातात पत्रांची गड्डी.

"पोरी, थांब. एक कार्ड परत दे. माझंच आहे, मीच लिहिलंय."

तिनं गड्डीवरचा हात घट्ट केला. "कुणाच्या नावाचं?"

काकांनी नाव सांगितलं. तिनं गड्डीत बोट घालून कार्ड वर काढलं, बघितलं, परत खाली ढकललं. "काका, पेटीत पडलं की ते लिहिणाऱ्याचं राहत नाही. ज्याच्या नावाचं त्याचं."

"अगं, हे मलाच सांगतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी. एक माणूस चूक झाली म्हणून रडत आला होता, तरी तुम्ही दिलं नव्हतंत. मी शेजारी उभी होते."

काकांना तो माणूस आठवला. आपण त्याला काय काय ऐकवलं होतं, तेही आठवलं. तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले. रागवावं तर कोणावर? पोरगी अगदी बरोबर होती, आणि त्या अवस्थेतही त्यांना तिचा थोडा अभिमान वाटला. "मग मी तुझ्याबरोबर येतो," ते म्हणाले. "दारापर्यंत."

"या की. रस्ता सरकारी आहे."

दाराच्या पेटीत पडलं तर संध्याकाळी सूपवालीच काढेल, या एका आशेवर काका चालत होते. पण ती आशा कोपऱ्यावरूनच मावळली. सूपवालीच्या हिरव्या जिन्याच्या घराचं दार उघडं होतं आणि दारात खुर्ची टाकून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर काळा चष्मा. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. "टपाल? आज जोडीला कोणी आहे वाटतं."

"एक कार्ड आहे," पोस्टवुमन म्हणाली आणि त्यांच्या हातात दिलं. मग काकांकडे बघितलं, काय कळायचं ते तिला कळलं, आणि पुढच्या गल्लीचं कारण सांगून ती निघून गेली.

कॅशियरनी कार्ड बोटांमध्ये फिरवलं. एवढी वर्षं नोटा मोजलेली बोटं, त्यांना लगेच समजलं. "जोडकार्ड. बऱ्याच वर्षांनी हाताला लागलं. तुम्ही कोण? वाचता येतं ना? जरा वाचून दाखवा, मला आत्ता नुसता धूर दिसतो."

आणि त्यांनी कार्ड पुढे केलं.

काकांनी ते हातात घेतलं. त्यांनी नोकरीत किती जणांना किती पत्रं वाचून दाखवली असतील, मोजदाद नाही. वाईट बातमी असली तर आवाज हळू करायचे, पण ध चा मा त्यांनी कधी केला नाही. आत्ता मात्र सगळं सोपं होतं. 'बँकेचं कार्ड आहे, पत्ता बरोबर आहे का विचारलंय,' एवढं म्हटलं की सुटका. सूपवालीचं गुपित राहील, पट्टी निघाली की ती आपल्या तोंडानं सांगेल, कोणाचं काही बिघडणार नाही. वाक्य जिभेवर आलंच होतं. पण समोरचा माणूस मान किंचित कलती करून इतक्या विश्वासानं ऐकायला बसला होता की काकांना ते बोलवेना.

"हे तुमच्या मुलीच्या नावाचं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावाचं मी वाचत नाही."

"रास्त आहे," कॅशियर म्हणाले. "पण मग तुम्हाला दम का लागलाय? टपालवाली चालत आली. तुम्ही धावत आलात."

काकांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"तुम्ही लिहिलंय का हे?"

"हो. इथे पाठवायला नको होतं. चूक झाली माझी."

कॅशियरनी हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "सूपचं आहे का?"

काका एक पाऊल मागे सरकले, आणि ते सरकणं हेच उत्तर झालं.

"बसा," कॅशियर म्हणाले. "पायरीवर बसा. ती रोज संध्याकाळी डब्यात सूप आणते. म्हणते, कँटीनमध्ये उरलं होतं. आता मी त्या कँटीनमध्ये छत्तीस वर्षं जेवलोय. छत्तीस वर्षांत मला तिथल्या टोमॅटोच्या सूपमध्ये टोमॅटो सापडला नाही. आणि मी निवृत्त झाल्यावर अचानक त्यांना एवढं भारी सूप जमायला लागलं? डोळे गेले म्हणून जीभ गेली काय माझी?"

काकांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं नाही.

"पहिल्याच आठवड्यात कळलं, ही बँकेत नाही, सूप करून विकते," कॅशियर पुढे म्हणाले. "मग मी तिच्या सांगण्याची वाट बघत बसलो. रोज डबा उघडताना वाटतं, आज सांगेल. ती विचारते, आवडलं का. मी म्हणतो, कँटीन सुधारलं. ती हो म्हणते. असे आठ महिने." त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. "तिला मला घाबरावंसं का वाटलं असेल, याचाच विचार करतोय. मी ओरडणारा माणूस नाही. पण तिला नोकरी लागली तेव्हा मी साऱ्या गल्लीला थांबवून थांबवून सांगितलं होतं. ते तिच्या मानेवर बसलं असणार. मला फार वाईट वाटतं त्याचं."

"मग तुम्हीच का नाही विचारलंत?"

"तिला तिच्या तोंडानं सांगायचं असेल. तो हक्क तिचा."

काका पायरीवर बसून राहिले. मुलगी पट्टी निघायची वाट बघणार आणि हा माणूस तिच्या बोलण्याची, दोघं मिळून एक डबा रोज पुढे-मागे सरकवणार. त्यांना आयुष्यात एवढं साधं टपाल एवढं अडलेलं कधी दिसलं नव्हतं.

"रांग असते का?" कॅशियरनी एकदम विचारलं.

याचं उत्तर द्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती, ते सगळ्या जगाला उघडं होतं. काकांनी खिशातली वही काढली आणि पत्र वाचतात तसं सावकाश वाचलं. "पिवळी गाडी. मंगळवारी न्यायालयाच्या मागे, वाळलेल्या झाडापासून चौथ्या खांबाला. बारा ते तीन. रांग, मी मोजली तेव्हा अकरा. त्यात तीन वकील, एक शिपाई. दोघं परत दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले."

"पिवळी?"

"लिंबासारखी. खिडकीला पांढरी कड."

"दुसऱ्यांदा उभे राहिले म्हणालात?"

"दोघं."

कॅशियरनी काळा चष्मा काढला, पट्टीच्या कडेनं डोळा टिपला आणि चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "त्या जोडलेल्या कार्डावर काय असतं? कोऱ्यावर?"

"दोन ओळी आहेत. माहिती बरोबर आहे का, आणि दुरुस्ती असल्यास."

"दुरुस्ती आहे," कॅशियर म्हणाले. "पेन द्या. आणि ओळ कुठे आहे तिथे माझं बोट ठेवा."

काकांनी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. त्यांनी मोठ्या, वरखाली होणाऱ्या अक्षरांत लिहिलं. खाली सही केली. सही मात्र सरळ आली, अगदी छापल्यासारखी. काकांनी मुद्दाम वाचलं नाही. त्यांनी कार्डाचा पहिला भाग उत्तरावर दुमडला.

"हे पेटीत टाकायचं ना?"

"पेटीत टाकलं तर उद्या माझ्याच घरी पोचेल," काका म्हणाले. "मी नेतो."

कोपऱ्यावर लाल पेटी होती. तिच्या शेजारून हातात लिहिलेलं कार्ड घेऊन काका पुढे गेले. असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

न्यायालयाच्या मागे बारा वाजता रांग लागायला सुरुवात झाली होती. काका रांगेत उभे राहिले नाहीत, गाडीच्या मागच्या दाराशी गेले. सूपवालीनं त्यांचा चेहरा बघितला आणि पुसता पुसता हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कार्ड घरी गेलं," काका म्हणाले. "माझ्या हातून. दोन वह्या होत्या, मी चुकीची उघडली. तुला तोंड दाखवायची लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून आलो."

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बाबांनी वाचलं?"

"नाही वाचलं. मीही वाचून दाखवलं नाही. उत्तर दिलंय त्यांनी." काकांनी कार्ड पुढे केलं.

तिनं ते फडक्याला हात पुसून घेतलं. उघडलं. 'माहिती बरोबर आहे का?' पुढे कॅशियरनी लिहिलं होतं, 'आहे. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.' आणि खाली, 'दुरुस्ती असल्यास' पुढे, ओळ सोडून वर चढलेल्या अक्षरांत: 'मीठ थोडं कमी पडतं. बाकी सगळं बरोबर.'

ती ते कितीतरी वेळ वाचत राहिली. बाहेर कोणीतरी फळीवर बोटं वाजवली. मग तिनं मोठ्या पातेल्यातली पळी उचलली, चमच्यात थोडं सूप घेतलं, चाखलं, आणि डोळे मिटून पुन्हा चाखलं. बरणी ओढली, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"खरंच कमी होतं," ती म्हणाली. "आठ महिन्यांत एकानंही सांगितलं नाही."

काकांना आपलं पहिलं सूप आठवलं आणि ते जमिनीकडे बघायला लागले.

तिनं रांगेतल्या लोकांना वाढलं. सगळ्यांना, एकालाही परत पाठवलं नाही. मग एक वाजता गॅस बंद केला, एक डबा काठोकाठ भरला आणि खिडकीची फळी वर घेतली. "काका, आजची नोंद बदला. एकनंतर गाडी इथे नाही."

"मग कुठे लिहू?"

तिनं हिरव्या जिन्याच्या घराचा पत्ता सांगितला. "लोकांसाठी लिहा," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

काकांनी नावांची वही उघडली, लाल शेऱ्यावर काट मारली आणि लिहायला लागले. या वेळी त्यांनी आधी नाव लिहिलं, मग रस्ता.